पाच शहरांचा तक्ता

“आकडा दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नकोस, बाळ. जिथला असेल तिथे जा, डोळ्यांनी बघ, मग लिही.”

नगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागात ती नवी लागली, तेव्हा तिथल्या मोठ्या बाईंनी तिला असं सांगितलं होतं. बाई निवृत्त होऊन गेल्या. आता ती स्वतःच मुख्य कारकून होती; सगळे तिला ‘कारकून बाई’ म्हणत. आणि या वेळी साहेबांनी मागवलेल्या तक्त्यासाठी शेजारच्या चारही शहरांचे दर तिने फोनवरच विचारून घेतले होते.

तक्ता मात्र सुबक झाला. घराच्या परवान्याचं शुल्क पाच शहरांत सगळ्यात कमी आपलंच. साहेब तक्ता हातात नाचवत सभेत म्हणाले, “आपण काय दानधर्म करायला बसलोय?” शुल्क एका दिवसात तिप्पट झालं.

सोमवारी खिडकीशी शिवणकाम करणारी बाई आली. ती महिन्यापूर्वीही आली होती, नकाशा, पैसे, सगळं घेऊन. तिची आई दुकानावरच्या माडीत राहायची. पाय गेल्यापासून तिला जिना उतरता येत नव्हता. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी एक खोली काढायची होती.

तेव्हा जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली होती. “घाई काय आहे? पुढच्या महिन्यात या, निवांत करू,” असं कारकून बाईंनीच सांगितलं होतं.

“आले बघा ताई, निवांत,” ती हसून म्हणाली. नवा दर ऐकला आणि हसू ओसरलं. “अहो, एवढ्यात माझ्या भिंती उभ्या राहतील!”

“दर वाढलेत.”

“महिन्याभरात? दूधवालासुद्धा आधी सांगतो हो.”

कारकून बाई टेबलावरचे कागद सरळ करू लागल्या.

“आईला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीला बांधून उतरवावं लागतं. सगळी आळी बघते. परवा म्हणाली, आता मला नेऊ नका. गेलीच नाही. औषध बंद आहे.”

कारकून बाईंना मान वर करवेना. “मी बघते,” त्या म्हणाल्या. “दर खाली यावा असं काही सापडलं, तर शुक्रवारी दरवाढीच्या हरकतींवर सुनावणी आहे, तिथे मी स्वतः उभी राहीन. शब्द देते.”

“खिडकीतून सगळेच शब्द देतात, ताई.” तिच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि सकाळची बस धरली. फोनवर घेतलेला एखादा आकडा खोटा निघाला, तर वाढीचा पायाच निघून जाणार होता. वाटभर त्या हात जोडून बसल्या होत्या. आजवर देवाकडे चूक होऊ नये म्हणून मागणं मागितलं होतं. आज त्या आपली चूक सापडावी म्हणून विनवत होत्या.

पहिल्या शहरातल्या भिंतीवरचा फलक तक्त्याशी तंतोतंत जुळला. दुसऱ्यातला जुळला. तिसऱ्यातलाही. “एवढा दर ठरवला कसा?” असं प्रत्येक ठिकाणी विचारलं, तर सगळ्यांनी चौथ्या शहराकडे बोट दाखवलं. त्यांचं बघून केलं म्हणे.

चौथ्या शहरात बुधवारी दुपारी पोचल्या. तिथलाही आकडा बरोबरच होता. दप्तर सांभाळणारे काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते. बोलायला माणूस मिळाला म्हणून खुलले.

“आम्ही कुणाचं बघितलं? अहो, तुमचंच!”

“आमचं तर सगळ्यात कमी होतं.”

“छे! थांबा, कागदच दाखवतो. त्यावरून ठरवलेला दर आजही तोच आहे.”

फाईल निघाली. आत अठरा वर्षांपूर्वीचं, कारकून बाईंच्याच विभागातून आलेलं हाताने लिहिलेलं दरपत्रक होतं. त्यांनी ते वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. घरांच्या ओळीत दुकानांचा दर उतरला होता. दोन्ही ओळींत एकच आकडा.

“हा घरांचा दर नाही,” त्या हळू म्हणाल्या. “कधीच नव्हता.”

काकांनी चष्मा खाली घेतला. मग पोट हलेपर्यंत हसले. “म्हणजे आम्ही तुमच्या चुकीला गाठलं, बाकीच्यांनी आम्हाला, आणि आता तुम्ही सगळ्यांना! लिहिताना कुणाचा तरी डोळा लागला, आणि पाच शहरं भरतायत!”

“कुणी तपासलं नाही?”

“फोन केला होता आमच्या साहेबांनी. पलीकडून सांगितलं, कागदात आहे तेच बरोबर.”

त्यांनी पदराने कपाळ टिपलं. “याची शिक्क्यासह प्रत मिळेल? शुक्रवारी सुनावणीत लावायची आहे.”

काका हसायचे थांबले. “मिळेल. पण विचार करा, ताई. ज्याने हे लिहिलं तो अजून नोकरीत असला, तर त्याची धडगत नाही. निवृत्तीवेतन अडकवतील. वर जन्मभराची नाचक्की. अठरा वर्षं कुणी विचारलं नाही. मी कागद परत आत ठेवतो, तुम्ही चहा घ्या.”

कारकून बाईंचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून एक म्हातारा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. तो खाली पोचेपर्यंत त्या बघत राहिल्या.

“अर्ज कुठला भरायचा?” मग त्यांनी विचारलं.

काकांनी छापील अर्ज पुढे सरकवला. कारकून बाईंनी तो भरला, सही केली, प्रतीवर शिक्का नीट उमटलाय ना ते पाहिलं. परतीची बस किती वाजता ते विचारलं आणि आवाज न करता जिना उतरून गेल्या.

फाईल बांधण्याआधी काकांनी तो अर्ज जुन्या दरपत्रकावर ठेवला, आणि नाडी ओढणारा हात तसाच राहिला. दोन्ही कागदांच्या तळाशी एकच सही होती.