उत्तराचं कार्ड

मुलगा दहा वर्षांचा असताना शाळेच्या वसतिगृहातून त्याचं जोडकार्ड आलं होतं. ‘बाबा, सुट्टीत समुद्रावर जाऊ. पुस्तकं आणू नका.’ उत्तरासाठी जोडलेल्या कोऱ्या कार्डावर त्याने स्वतःचा पत्ताही लिहून पाठवला होता. नीटसं काही सुचेना, म्हणून मी ते कार्ड खुणेसाठी पुस्तकात ठेवलं. ते तिथेच राहिलं.

यंदा त्यानेच आम्हा सगळ्यांना कोकणात आणलं. समुद्र अंगणापासून हाकेवर, पण नेट रडतखडत चालायचं.

“आजोबा, बाबा पुन्हा टाकीवर चढलेत,” नात म्हणाली. “कावळ्यासारखे!”

“अरे, ओहोटी लागलीय,” मी खालून म्हणालो. “ही शिंपल्यांसाठी थांबलीय.”

“पाच मिनिटं, बाबा. एवढी मीटिंग.” लॅपटॉप उंच धरून तो म्हणाला, “आणि सामान आवरा. अशा नेटवर काम होत नाही. उद्याच निघू.”

नात पायरीवर बसली. हातातली बादली तिने पालथी घातली. तोही लहानपणी असाच बसायचा, आणि मी म्हणायचो, “एवढं पान.” त्याला मी कोणत्या तोंडाने बोलणार? या सहलीलाही मी पुस्तक आणलं होतं, आणि खुणेला तेच कार्ड होतं.

सकाळी सामान गाडीत चढत असताना मी गावातल्या पोस्टात गेलो. वसतिगृहाचा पत्ता खोडून आमच्या घराचा लिहिला, नवं तिकीट लावलं. अडतीस वर्षांनी उत्तर सुचलं: ‘जाऊ. पुस्तक आणणार नाही. तिलाही घेऊ.’

मागून गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा कार्ड पेटीत पडलं होतं.