सेम्बावांगची पहिली निवड

सेम्बावांग या उपनगराच्या फुटबॉल संघाला पहिली निवड मिळाली होती, कारण गेल्या मोसमात तो शेवटचा आला होता. लीगचा नियमच तसा: जो तळाला, त्याने नव्या खेळाडूंमधून आधी उचलायचं. आणि उचलायचं कुणाला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. निवडीसाठी सगळे हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी जमले होते, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी सव्वासहा फुटी ब्रेट बसून लंबगोल चेंडू बोटावर फिरवत होता. पर्थला असताना तो पन्नास मीटरवरून गोल मारायचा म्हणे.

अभयने बायकोकडे पाहिलं. संघ त्याचा होता. परदेशात नोकरीला आल्यावर ऑफिसातल्या ऑस्ट्रेलियन मित्रांच्या नादाने त्यांचा हा फुटबॉल शिकून त्यानेच तो उभा केला होता, आणि कप्तानही तोच होता. पण निवड सुलेखा करायची. डोंबिवलीत तिच्या आईचं वधूवर सूचक मंडळ होतं. स्थळं पारखण्यातच तिचं लहानपण गेलं होतं.

गेल्या मोसमात अर्ध्या संघाची नोकरीत बदली झाली. कुणी दुबईला गेला, कुणी हाँगकाँगला. शेवटच्या सामन्याला माणसंच पुरली नाहीत. यंदा पुन्हा तसं झालं तर संघ मोडीत निघेल, असं लीगने स्वच्छ बजावलं होतं.

"ब्रेटला घे," अभय पुटपुटला.

"कंपनीने दिलेल्या खोलीत राहतो. सहा महिन्यांचा करार, मैत्रीण पर्थला. त्याने इथे अजून बिऱ्हाडच मांडलेलं नाही," सुलेखा म्हणाली, आणि पाया लेबार संघाच्या कप्तानाकडे, क्रेगकडे वळून इंग्रजीत बोलली, "आमची पहिली निवड तुम्ही घ्या. बदल्यात तुमचे तिघे द्या."

तिने सांगितलेली तिघांची नावं ऐकून टेबलावर हशा पिकला. तिघेही बेताचे खेळाडू. पण अभय हसला नाही, कारण सुलेखाने काढलेली त्यांची सगळी माहिती त्याने घरी जेवताना ऐकली होती. एकाने इथे फ्लॅट विकत घेतला होता. दुसऱ्याची सासू त्याच्याच इमारतीत, दोन मजले वर राहायची. तिसऱ्याच्या मुलीला मोठ्या खटपटीने इथल्या शाळेत प्रवेश मिळाला होता. हे तिघे कुठे जात नव्हते. त्याला बायकोचा भारी अभिमान वाटला.

"एकाला तीन जास्त होतात," क्रेग म्हणाला. "तुमच्याकडून आणखी एक द्या. अभय द्या."

कॉफी ढवळणारा अभयचा हात थांबला. सुलेखाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"त्याचा डावा गुडघा गेलाय," ती क्रेगला म्हणाली. "दर रविवारी मी शेकते. हे आधी ऐका, मग मागा."

"ऐकलं. तरी हवाय. तो असला की बाकीची पोरं सरावाला येतात."

"दिला," सुलेखा म्हणाली.

क्रेगने हात पुढे केला. अभयला तो हातात घ्यावा लागला.

परतताना दोघं एमआरटीत, तिथल्या मेट्रोत बसले. आपण वाढवलेल्या संघातून बायकोनेच आपल्याला उचलून दुसऱ्याच्या पदरात घातलं होतं. आणि वाईट हे की तिचं चुकलं कुठे, ते शोधून सापडत नव्हतं.

"मला एकदा विचारायचंस तरी," शेवटी तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. मग जन्मभर तुझा त्याग ऐकवला असतास." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "संघ टिकतो, अभय. खरंच टिकतो आता."

तिचा आवाज कापला, आणि तेव्हा त्याला कळलं की तिच्यावरही काय गुदरलं होतं. त्याचा राग तिथेच विरघळला. या बाईपुढे आपण कोण, असं त्याला मनापासून वाटलं.

"पण पहिलाच सामना तुमच्याशी आहे," तो हसून म्हणाला. "बघ, तुमच्या त्या तिघांची कशी दाणादाण उडवतो."

"डावीकडे वळण्याआधी तुझा उजवा खांदा झुकतो. मघाशीच त्या तिघांना मेसेज करून ठेवलाय मी."

"आणि हे क्रेगला नाही सांगितलंस?" अभयने विचारलं.

"त्याला गुडघा सांगितला की," सुलेखा म्हणाली. "स्थळातला दोष आधी सांगावा. सवयी काय, संसार सुरू झाला की कळतात."