कड्याकडे गेलेल्या माश्या

बायको गेल्यावर भिवाजीला बोलायला मधपेटीतल्या माश्याच उरल्या होत्या. चैत्रात त्याही पेटी सोडून गेल्या.

गावामागच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, इरावती नावाची संशोधक लेझरने किडे मोजते, असं कानावर आलं, तसा तो गुडघे धरत वर चढला.

“तुमच्या उजेडात माझ्या माश्या दिसतील?”

तिने यंत्र दरीकडे वळवलं. किरणातून किडा गेला की पंखांच्या फडफडीवरून तो कोणता ते कळायचं. दुपारपर्यंत पडद्यावर रेघा उमटत राहिल्या.

“काका, ह्या मधमाश्या. कड्याकडे ये-जा चाललीय. पण तुमच्याच का, ते यंत्राला नाही कळत.”

भिवाजीने पडद्यावर हलकेच बोट टेकवलं. “असू देत. बऱ्या दिसतायत.” मग उठता उठता अडखळला. “उद्याही येऊ बघायला?”

इरावतीने डबा उघडला. “महिनाभर एकटीच जेवतेय, काका. बसा.”