पार्किंगच्या वाटेतलं झाड

“बोला मॅडम, काय म्हणायचं याला?” उद्यान अधिकाऱ्याने कपाळावरचा घाम पुसत विचारलं. त्याच्या मागे ठेकेदाराची माणसं करवत घेऊन तयारच होती.

मास्तरीणबाईंनी पान उलटं करून पाहिलं. एका देठाला तीन पानं, कडेला बारीक दाते. नखाने साल खरवडली. आतून लालसर पाणी आलं. खरं तर एवढंही करायची गरज नव्हती. बागेच्या फाटकातून आत येतानाच नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं. सगळी हयात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलेली. नातेवाइकांची नावं एकवेळ चुकायची, झाडांची कधी चुकली नाहीत. हे झाड बाहेरून आलेलं, कुठेही रुजणारं होतं. दुर्मीळ वगैरे मुळीच नव्हतं.

अधिकारी कालपरवापर्यंत पाणीपुरवठ्यात होता. त्याच्या मोबाइलने या एकाच झाडाची तीन नावं सांगितली होती, म्हणून मास्तरीणबाईंना बोलावणं गेलं होतं.

“त्याचं असं आहे मॅडम,” तो म्हणाला, “साधं झाड असेल तर आत्ताच पाडतो. शेजारच्या हॉस्पिटलच्या पार्किंगला जागा होईल. ओळख नाही पटली, तर मात्र संशोधन संस्थेकडे पाठवावं लागतं. ते लोक यायचे कधी आणि सांगायचे कधी! वर्षं जातात. तोवर फांदीलाही हात लावता येत नाही.”

झाडाखाली पेशंटांचे नातेवाईक पसरले होते. बागेच्या त्या कोपऱ्यात दुसरी सावलीच नव्हती. ऊन सरकलं की ते आपल्या पिशव्या, थर्मास आणि पेंगणारी म्हातारी माणसं घेऊन सावलीमागे सरकायचे. करवत बघून सगळे उठून बसले. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन पुढे आली.

“मावशी, आजच पाडणार का हो? आमचे हे आत आहेत. वॉर्डात एकालाच थांबू देतात, तिथे सासूबाई बसल्यात. मी याला घेऊन जाऊ कुठे?”

मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं. तिथे त्यांचा स्वतःचा मुलगा उभा होता. आईला आधार द्यायला आलो असं तो म्हणत होता, पण आला होता परीक्षक म्हणून. गेल्या महिन्यात त्या गॅसवर दूध ठेवून विसरल्या. भांड्याचा कोळसा झाला आणि शेजाऱ्यांनी दार तोडलं. तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता, आता एकटी राहायचं नाही, माझ्याकडे चल. मुलगा चांगला, सून चांगली, खोली हवेशीर. पण तिथे चहासुद्धा विचारून करावा लागेल, हे त्या पुरतं ओळखून होत्या. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या होत्या, “ज्या दिवशी मला झाड ओळखता येणार नाही ना, त्या दिवशी आपणहून गाशा गुंडाळीन.” मुलाने तो शब्द घट्ट धरून ठेवला होता.

म्हणजे नाव सांगितलं की झाड जाणार, आणि नाही सांगितलं की घर. इकडे आड, तिकडे विहीर. मास्तरीणबाईंना आपलं स्वयंपाकघर आठवलं. चार वाजता जेवलं तरी तिथे कोणी का म्हणून विचारत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. कडेवरचं मूल किरकिर करायला लागलं, तशी ती तरुण बाई त्याला थोपटत पुन्हा सावलीत जाऊन उभी राहिली.

“नाही ओळखता येत मला,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“तुम्हाला?” अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. “मॅडम, पुन्हा एकदा नीट बघा.”

“बघितलं. वय झालं आता. तुम्ही पाठवा संस्थेकडे.” त्यांनी हातातलं पान खाली टाकून दिलं.

चारचौघांत बोलू नये असं काहीतरी पुटपुटत ठेकेदाराने करवत टेम्पोत टाकायला लावली. अधिकाऱ्याने मुलाला बाजूला घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, “जपा हं त्यांना. आमच्या आजीचंही असंच सुरू झालं होतं.”

मास्तरीणबाईंनी ते ऐकलं आणि पदराने चष्मा पुसला. जुने विद्यार्थी, शेजारी, सोबतच्या प्राध्यापिका, सगळ्यांपर्यंत ही बातमी संध्याकाळच्या आत पोचणार होती. असल्या बातम्यांना पाय फुटायला वेळ लागत नाही.

मुलाने गाडी मोठ्या रस्त्याला लावली.

“आधी माझ्या घरी घे,” त्या म्हणाल्या. “कपडे भरून घेते. बाकीचं सावकाश नेऊ.”

“कपडे राहू देत कपाटातच.”

“अरे, शब्द दिलाय मी तुला.”

मुलाने रस्त्यावरची नजर हलवली नाही. “न ओळखलेल्या झाडाचं पान पर्समध्ये घातल्याशिवाय तू आजवर जागची हललीयेस का, आई?”