तयार उत्तर

आमदार कुसुमताई वळवींनी आश्रमशाळेच्या पाण्याबद्दल लेखी प्रश्न पाठवला, तर शासनाच्या यंत्राने चुकून पुढच्या अधिवेशनाचं उत्तर धाडलं. पुढे काय घडणार आणि आमदार काय विचारणार, हे ताडून ते उत्तरं आधीच लिहून ठेवायचं. आलेल्या कागदावर प्रश्न आणि उत्तर दोन्ही छापलेलं होतं:

“आश्रमशाळेचे छत कोसळून मुली दगावल्या, हे खरे आहे काय?”

“होय, हे खरे आहे. चौकशी सुरू आहे.”

ताईंचं डोकं सणकलं. छत तर अजून जागेवर होतं! त्यांनी सचिवांना फोन लावला.

“उत्तर तयार ठेवलंत, मग छत का नाही दुरुस्त केलंत?”

“ताई, तसा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही,” सचिव शांतपणे म्हणाले.

ताईंनी फोन तोडला आणि थेट मुख्याध्यापिकेला लावला. “पोरींना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. मला सरकारचं उत्तर खोटं पाडायचंय!”