बर्फातला निरोप

हवामान पालटल्यापासून पाचगणीतही बर्फ पडू लागला होता. घराच्या दारात, चाकांना साखळ्या बांधून, ऐकून आपली आपण चालणारी गाडी तयार होती. ऊन उतरलं की घाटातला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होणार, आणि त्याआधी तापाने फणफणलेल्या तान्ह्या रेवाला वाईच्या डॉक्टरांकडे पोचवायचं होतं.

"आई, येते हं," मृण्मयी खिडकीतून सासूबाईंना म्हणाली.

"कोणीतरी येतंय. थांबते," गाडी म्हणाली.

"अगं बाई, मीच निघालेय! चल आता. येते हं, आई!"

गाडीने अदबीने दार उघडलं.

"'जाते' म्हण, म्हणजे कळेल तिला," सासरे म्हणाले.

"या बर्फात? लेकराला घेऊन?" सासूबाई कडाडल्या. "तोंडातून काढायचं नाही!"

मृण्मयीचीही जीभ रेटेना.

शेवटी सासूबाई शाल गुंडाळून स्वतःच आत बसल्या. "घे, आलं कोणीतरी. हल."

गाडी हळूच उताराला लागली. सासऱ्यांनी सवयीने हात हलवला. "या हं, सावकाश या!"

"बोलावताहेत," म्हणत गाडी सावकाश मागे येऊ लागली.

मागच्या सीटवर रेवा कण्हली. काच खाली करून सासूबाई अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अहो, 'जा' म्हणा! जा म्हणा आम्हाला!"