निळा भात

स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेतला भात निळा पडला. शिजवून ठेवलेल्या भातात जंतू वाढले की शितंच रंग बदलून सांगतील, असा हा नवा तांदूळ. पाहुणे येईनात म्हणून पंगत चार तास खोळंबली होती. "भात निवतोय, पोरांना वाढू द्या," असं स्वयंपाकीण कौसाबाईंनी दोनदा विनवलं होतं. तरी सगळे बघत राहिले ते त्यांच्या हातांकडे.

"मावशी, उद्यापासून तुम्ही भांडीच घासा," हेडमास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या सूनबाईंनी भात रांधला. हेडमास्तरांचं भाषण दुपार टळेपर्यंत चाललं आणि भात पुन्हा निळा पडला. सूनबाईंनी हातातला डाव न्याहाळला.

"हा घासला कुणी?"

नळावर बसलेल्या कौसाबाईंचे हात आपोआप पदराआड गेले.